अक्काच्या खुराड्याची खबर

जनावरांच्या दवाखान्यात बाई कामाला लागल्या तेव्हा बाटल्या धुणं आणि फरशी पुसणं एवढंच त्यांच्याकडे होतं. वीस वर्षांत बघून बघून त्या लस टोचायला शिकल्या आणि सगळ्या वस्तीच्या ‘लसवाल्या बाई’ झाल्या. बर्फाचा डबा खांद्याला अडकवून त्या दारात उभ्या राहिल्या की एखादी सून म्हणायची, “बाई, आमच्या सासूबाईंनाही एक टोचा, फार कलकल करतात.” आतून सासू ओरडायची, “आधी हिच्या जिभेला टोचा!”

त्या हिवाळ्यात मात्र थट्टा थांबली. नदीपलीकडे बर्ड फ्लूने कोंबड्या पटापट मरू लागल्या. लसीची फेरी बंद झाली आणि बाईंच्या हाती पत्रकं आली. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, नाल्यात टाकू नका, दवाखान्यात कळवा, हात साबणाने धुवा, मांस आणि अंडी पूर्ण शिजवूनच खा. दिवसाला चाळीस घरं करून त्यांचा घसा बसला. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. लोक मान डोलवायचे आणि पत्रकाची घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारायचे.

वस्तीच्या टोकाला बाईंची थोरली बहीण राहायची. आई लवकर गेली, तेव्हा या अक्कानेच बाईंना लहानाचं मोठं केलं होतं. नवरा गेल्यापासून साठेक कोंबड्या हाच तिचा गोतावळा. एका दुपारी बाई तिच्याकडे गेल्या, तर अक्का दार अडवून उभी. एरवी ‘ये गं धाकटे’ म्हणणारी ती आज आत ये म्हणेना.

बाईंनी तिच्या खांद्यावरून परसात पाहिलं. कुदळ पडलेली होती, माती नुकती उकरलेली होती. खुराड्याजवळ एक कोंबडी मान टाकून बसली होती. तिचा तुरा जांभळा पडला होता.

“किती मेल्या, अक्का?”

“नेहमीचा मानमोडीचा रोग असेल.”

“मानमोडीची लस मीच दिलीय. किती?”

अक्काने पदराला हात पुसले. “अकरा. हे बघ, तू काही पाहिलं नाहीस. चार दिवसांत थांबेल सगळं.”

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?”

“मला म्हणी शिकवू नकोस. तू कळवलंस की ते सगळ्याच मारतील. धडधाकट आहेत त्याही.”

“हो. मारतील.”

“आणि तरी कळवणार?”

बाईंनी फोन काढला. पाठ वळवून, कोपऱ्यावर जाऊन फोन करता आला असता, पण ते त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी आधी अक्काला साबणाने हात धुवायला लावले आणि मग तिच्यासमोर, तिच्याच अंगणात उभं राहून डॉक्टरांना फोन केला. अक्का आत गेली. दार लागलं.

दोन दिवसांनी तपासणीचा निकाल आला. बर्ड फ्लूच होता. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली. कोंबड्या बिथरून आढ्यावर जाऊन बसल्या, कुणाच्या हाती लागेनात. तेव्हा बाईच मास्क आणि हातमोजे चढवून पुढे झाल्या आणि अक्का घालते तशी हाक त्यांनी घातली. एकेक कोंबडी विश्वासाने खाली उतरली आणि बाई ती उचलून त्या माणसांच्या हाती देत गेल्या. खिडकीच्या काचेमागून अक्का बघत होती. बाईंनी त्या बाजूला मान वळवली नाही, आणि हातही थांबू दिले नाहीत.

त्याच संध्याकाळी अक्काला ताप भरला. इस्पितळात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, घशाचा नमुना घेतला. बाई दोन दिवस काचेबाहेर उभ्या होत्या आणि अक्का दोन्ही दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती. नमुन्यात काही निघालं नाही, ताप साधाच होता. ते कळल्यावर बाई जिन्याच्या पायरीवर बसून हमसून रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा दारोदार निघाल्या. पत्रक पिशवीतच राहू लागलं. “माझ्या बहिणीच्या कोंबड्या मी माझ्या हाताने दिल्या,” एवढ्यापासून त्या सुरुवात करत. माणसं हातातलं काम ठेवून ऐकू लागली. एका घरातली म्हातारी हळूच म्हणाली, “आमची दोन बदकं काल गेली. पोत्यात भरून ठेवलीत. नाल्यात टाकणार होतो.” नाला पुढे मोठ्या पोल्ट्रीच्या कुंपणाला लागूनच वाहत होता. त्या आठवड्यात आणखी तीन घरांनी आपणहून कळवलं. पोल्ट्री वाचली. माणसांत कुणाला लागण झाली नाही.

दवाखान्याच्या आवारात सभा भरली, तेव्हा एक जण मागून म्हणाला, “दुसऱ्यांच्या कोंबड्या मारायला काय जातं यांचं?”

अक्का उठून उभी राहिली. ती आली आहे हेही बाईंना ठाऊक नव्हतं.

“तिनं माझ्या मारल्या,” अक्का म्हणाली. “मी लपवल्या होत्या. उघड्या हाताने पुरल्या होत्या. अजून चार दिवस लपवल्या असत्या, तर तुमच्या घरी आल्या असत्या त्या, आजार होऊन.”

सभा संपल्यावर दोघी एकाच रस्त्याने निघाल्या, मध्ये हातभर अंतर ठेवून. अक्काचं घर आलं. फाटकापाशी ती थबकली. रिकाम्या खुराड्यावर चुना मारलेला होता.

“राग गेला नाही माझा,” ती म्हणाली. “पण तुझा घसा बसलाय. आत ये, गरम पाणी देते.”