ब्रांडल आजींच्या खिडकीखालचा पंखा

उज्ज्वल मूळचा नागपूरचा. जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आला, रमला आणि शहराबाहेरच्या एका शांत गल्लीत त्याने जुनं घर घेतलं. शेजारी ब्रांडल आजी एकट्याच राहायच्या. बायको क्षमा बाळंत झाली तेव्हा भारतातून कुणालाच येता आलं नाही. त्या वेळी आजी रोज सूप घेऊन यायच्या, पोरीला मांडीवर घ्यायच्या आणि क्षमाला झोपायला पिटाळायच्या.

मग घरातली तेलावरची जुनी हीटिंग सारखी बंद पडायला लागली. उज्ज्वलने हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारं विजेवरचं यंत्र, घ्यायचा ठरवला. राहत्या जुन्या घरात असं काम केलं की खर्चाचा काही भाग आयकरातून सुटतो. पण काम डिसेंबरअखेर पुरं झालं, तरच ही सवलत त्या वर्षापासून लागू होणार होती.

बसवायला आलेला माणूस म्हणाला, "पंपाचा बाहेरचा पंखा तुमच्या अंगणाकडे हवा असेल, तर फरशी उखडावी लागेल. म्हणजे काम जानेवारीत जाणार. कुंपणाशी ठेवला तर याच आठवड्यात मोकळे."

कुंपणापलीकडे आजींच्या झोपायच्या खोलीची खिडकी होती. उज्ज्वलला ते चांगलं ठाऊक होतं.

"कुंपणाशीच ठेवा," तो म्हणाला.

संध्याकाळी क्षमाने विचारलं, "आजींच्या कानावर घातलंस ना?"

"हो तर. 'पास्ट शोन', चालेल, म्हणाल्या. त्यांची काही हरकत नाही."

त्याने विचारलंच नव्हतं. नाही म्हणाल्या असत्या तर?

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि पंखा रात्रंदिवस घुमू लागला. आजींना ताप आल्याचं कळलं, म्हणून उज्ज्वल मऊ खिचडी घेऊन गेला. दार उघडून आजी हळूहळू बैठकीत परतल्या आणि तिथल्या आखूड सोफ्यावर पाय दुमडून आडव्या झाल्या. उशी, रजई, औषधं, सगळं तिथेच होतं.

"इथे झोपता?"

"आता इथेच. मागच्या खोलीत तुमचं मशीन फार बोलतं." त्या हसल्या. "जा, जा, असू दे. तुमच्याकडे लहान मूल आहे, घर गरम हवं."

उज्ज्वलचा चेहरा उतरला. कसाबसा म्हणाला, "मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हो," आजी म्हणाल्या. "विचारायला हवं होतं." आणि त्यांनी खिचडीचा डबा उघडला.

घरी येऊन त्याने क्षमाला सगळं सांगितलं, थापेसकट. तिने झोपलेल्या पोरीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "त्यांच्या मांडीवर वाढली रे आपली पोर."

थंडी ओसरताच फरशी उखडली गेली आणि पंखा उज्ज्वलच्या अंगणाकडे आला. या खर्चावर सवलत मिळते का, हे उज्ज्वलने कुणाला विचारलंसुद्धा नाही. आता ती घरघर त्याच्याच उशाशी असते.

आजी पुन्हा आपल्या पलंगावर झोपू लागल्या. गल्लीत ज्याला त्याला कौतुकाने सांगतात, "माझ्यासाठी एवढं मशीन हलवलं, असे शेजारी मिळत नाहीत." हे सुरू झालं की क्षमा नवऱ्याकडे बघतही नाही, आणि तो काहीतरी निमित्त काढून घरात निघून जातो.