संधिवातरावांचं नाव

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे कुसाबाईंनी, दुसरा संसार मांडला तो राखीच्या हळदीकुंकवात, घरभर जमलेल्या बायकांसमोर.

राखी आमच्या खालच्या मजल्यावर राहते, पाथर्डी फाट्याला. विधवांनाही हळदीकुंकवाला बोलवायचं असं सोसायटीतल्या बायकांनी ठरवलंय आणि त्याचं आम्हाला भारी कौतुक. पण उखाणे सुरू झाले आणि पाळी आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, वगळून गुपचूप पुढच्या बाईकडे सरकली. सासरे टेम्पो चालवायचे. रोहित, माझा नवरा, शाळेत असतानाच ते गेले. मग आई नाव घेणार कुणाचं? मला राग आला, पण तोंड उघडवेना. शेवटी आईच म्हणाल्या, "माझंबी ऐका की."

"चांदीच्या ताटात बेदाण्यांची वाटी,
संधिवातराव जागतात फक्त माझ्यासाठी."

बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. तेव्हापासून बारसं असो, डोहाळजेवण असो, संधिवातरावांच्या उखाण्याची फर्माईश ठरलेली.

आई पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये होत्या. गारठलेल्या शेडमध्ये दिवसभर उभं राहून द्राक्षांचे घड कात्रीने साफ करायचे आणि पेट्या भरायच्या. त्यावर रोहितचं शिक्षण झालं. मग बोटं आखडायला लागली, पाठोपाठ मनगटं, गुडघे, खांदे. आता त्यांच्या ब्लाउजचे हूक मी लावते. लावताना त्या काहीतरी बोलून मला हसवतात आणि मी हसते. खरं सांगायचं तर मला त्या हसण्याचाही कंटाळा आलाय. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. आमच्याकडे तर रोज मरणारं माणूस वर सगळ्यांना हसवत होतं. मग कोण कशाला रडतंय?

डॉक्टरांचंही तेच झालं. रिपोर्ट फारसे वाईट नव्हते, सूजही दिसण्याजोगी नव्हती. गोळ्या पुरत नसतील तर इंजेक्शन सुरू करू, पण त्रास किती ते तुम्हीच सांगायचं, असं त्यांनी बजावलं होतं. कुठे दुखतं विचारलं की आई म्हणायच्या, "कुठं दुखत नाय ते विचारा, लवकर आटपंल." डॉक्टर हसायचे, बाहेर रांग असायची, त्याच गोळ्या लिहून मिळायच्या. आम्ही रिक्षा करून तशाच घरी.

गेल्या महिन्यात दवाखान्याच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर आई ओट्याशी उभ्या होत्या. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून पदरावर पडत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, कांदा झोंबला. सुरी हातात धरून त्यांना वर्ष होऊन गेलं होतं.

रिक्षात मी चिडूनच सांगितलं, आज मस्करी नको. खरं काय ते सांगा, नाहीतर मी सांगेन. त्या उड्डाणपुलाकडे बघत म्हणाल्या,

"खरं सांगायचं म्हंजी रडायचंच ना? ते नाय जमत मला. लय वर्षं झाली, सवय गेली."

डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाल्या, "नाव घेते." डॉक्टरांना उखाण्यांची कीर्ती ठाऊक होती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसायच्या तयारीने खुर्चीत मागे टेकले. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

"पिंपळगावच्या बागेला पाटाचं पाणी,
संधिवातराव, हात वर जाईना, माझे डोळे पुसावे कोणी?"

सकाळचं ओट्याजवळचं दृश्य मला तेव्हा कळलं. रोज हूक लावते मी, आणि मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर उठून टेबलाच्या अलीकडे आले. आईंचा हात कोपरापाशी धरून त्यांनी हळूच उचलला. खांद्यापर्यंत यायच्या आधीच आईंनी डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी हात तितक्याच हळू मांडीवर ठेवला आणि जागेवर जाऊन इंजेक्शन लिहिलं.

मी ओढणीने आईंचे डोळे पुसायला लागले. त्यांनी पुसू दिले. मग माझ्याकडे बघून थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "हा जमला नाय गं. कोणीच हसलं नाय."