मात्रा पोटात गेली का?

"मात्रा पोटात गेली का?"

रोगी कोणताही असो, औषध कोणतेही असो, आमच्या कॉलेजातल्या मॅडमचा पहिला प्रश्न हाच. गोळीला त्या मात्राच म्हणत. घराणे तंजावरचे, मराठी जुनी आणि चाल तमिळ, वाक्याचे शेपूट अलगद वर जायचे. मी सांगलीहून चेन्नईला औषधशास्त्र शिकायला आलेली. पहिल्या दिवशी मला हसू आवरले नाही.

"हस मा, हस पोरी," त्या म्हणाल्या, "पण उत्तर दे."

इस्पितळाच्या वॉर्डात त्या आम्हाला फिरवत. औषध शरीरावर काय करते, शरीर औषधाचे काय करते, हे आम्ही घडाघडा म्हणून दाखवायचो. त्या शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मग खाटेकडे बोट करायच्या. "सरी, ठीक. आता ह्यांना विचार."

एकदा माझ्या वाट्याला एक पन्नाशीचे गृहस्थ आले. हृदय कमजोर, पाय सुजून खांबासारखे. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा भरती झालेले. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी त्यांना आधीपासून होती. मी मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहिले, हिशेब मांडला आणि ऐटीत सांगितले, "डोस पुरत नाही. घरी जाताना दुप्पट करायला सुचवावे."

"इथे किती देतात?" मॅडमनी विचारले.

"घरी होता तेवढाच."

"आणि सूज?"

मी पायांकडे पाहिले. दोन दिवसांत निम्मी उतरली होती.

"मात्रा तीच, माणूस तोच," त्या म्हणाल्या. "मग घरी का चालत नाही?"

मी पुन्हा रिपोर्ट चाळू लागले. मॅडम खाटेच्या कडेवर टेकल्या आणि त्या गृहस्थांशी तमिळमध्ये गप्पा मारू लागल्या. गोळीचा विषयच नाही. किती वाजता उठता, कॉफी घरी की बाहेर, काम काय. ते जॉर्ज टाउनच्या बाजारात हमाली करायचे. दम लागायला लागल्यापासून रस्त्यावर उतरवलेल्या मालाची राखण करतात. सकाळी सहा ते दुपारी दोन. बोलता बोलता ते थांबले, माझ्याकडे पाहून ओशाळले आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हणाले.

मॅडमनी मला मराठीत सांगितले, "सकाळी मात्रा घेतली की दर अर्ध्या तासाला जावे लागते. माल सोडून कुठे जातील? म्हणून घेतच नाहीत. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली."

माझे कान तापले. घरी जाऊन त्यांनी दुप्पट गोळी खरोखर घेतली असती, तर रक्तदाब घसरून भर बाजारात कोसळले असते. मॅडम मला रागावल्या नाहीत. डॉक्टरांना त्यांनी मलाच सांगायला लावले. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, वेळ तेवढी बदलली: दुपारी कामावरून घरी आल्यावर. संध्याकाळपर्यंत गोळीचे काम आटोपते, झोपही मोडत नाही.

महिन्याने ते तपासणीला आले. पायांत नव्या चपला होत्या. अंगठा नीट आत गेलेला. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी एक पाऊल जरा पुढे केले. त्या दिवशी मी सांगलीला आईला फोन करून सगळे सांगितले. परीक्षेत पहिली आले तेव्हाही मी इतकी बोलले नव्हते.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. आता तंजावरला बहिणीकडे असतात. वॉर्डातल्या आया अजून विचारतात, "तुमच्या मॅडम कधी येणार?"

शेवटच्या दिवशी आम्ही चौघी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. रिक्षा नको म्हणाल्या. बस आली, खिडकीशी जागा मिळाली. आम्ही खाली रडवेल्या तोंडाने हात हलवत उभ्या. त्यांचे लक्षच नव्हते. शेजारच्या बाईने पर्समधून गोळ्यांचे पाकीट काढले होते, आणि मॅडम ते हातभर लांब धरून, डोळे बारीक करून वाचत होत्या. बस सुटली तेव्हा त्या बाईला काहीतरी विचारत होत्या.