चौथ्या प्रकरणातलं कुंकू

पीएचडीची शेवटची मुदतवाढ संपत आली होती आणि माझा आलेख काही केल्या जुळेना. सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते. संशोधनाचा विषय रामन प्रवर्धन. म्हणजे असं, की काचेच्या बारीक तारेतून संदेशाचा मिणमिणता प्रकाश जात असतो. सोबत दुसरा जोरदार प्रकाश सोडला, की तो वाटेत आपली ताकद संदेशाला देत जातो. किती देईल, ते माझं कॉम्प्युटरवरचं मॉडेल सांगायचं. टेबलावरची खरी तार मात्र मी दसऱ्याच्या सुट्टीवरून आल्यापासून कमीच दाखवत होती.

दोन महिने डोकं आपटलं. शेवटी वैतागून समीकरणात एक जादा पद घुसडलं, 'अज्ञात ऱ्हास'. झटक्यात जुळलं! मग काय, त्यावर चाळीस पानांचं चौथं प्रकरण लिहिलं. एका मोठ्या प्राध्यापकांनाही असाच ऱ्हास सापडला होता, त्यांच्या शोधनिबंधाचा आधार दिला. गाइड सर खूश. "मॅडम, हेच तुमचं खरं योगदान," म्हणाले, आणि परीक्षक म्हणून त्याच प्राध्यापकांना बोलावणं गेलं.

प्रबंध छापून, बांधून गेला. तोंडी परीक्षेला आठ दिवस राहिले असताना मी सहज तार यंत्राला जोडणाऱ्या कनेक्टरचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. लालभडक!

खंडेनवमी! प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा. आमचे वळसंगचे शिपाईमामा तबक घेऊन फिरले होते. मी त्यांना गाठलं.

"तुमीच म्हणला की मॅडम, एक बी वस्तू सोडू नका. टोपणाला कुंकू लावून काय उपेग? काढून आत लावलं, परत बसवलं."

"अहो मामा, तिथून प्रकाश जातो!"

"मग? चांगलंच की."

यांच्यावर ओरडणार तरी कशी? सांगितलं मीच होतं. टोक पुसलं, पुन्हा मोजलं. रीडिंग माझ्या पहिल्या, साध्या मॉडेलच्या रेषेवर जाऊन बसलं. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. सहा वर्षं घासलेलं मॉडेल बरोबर होतं, आणि मी त्यावरच विश्वास ठेवला नव्हता. गाइड सर म्हणाले, "पुसलंत कशाला? आता गप्प बसा." गप्प बसले तर डॉक्टर, बोलले तर सहा वर्षं पाण्यात.

परीक्षेच्या दिवशी चौथं प्रकरण आलं तसे परीक्षक सरसावून बसले. "या ऱ्हासाचं कारण काय असावं, तुमच्या मते?"

गाइड सरांनी डोळे वटारले. मी गप्प बसायचं ठरवून आले होते, पण नाही जमलं.

"सर, कुंकू."

मग तबकापासून टोपणापर्यंत सगळं सांगून टाकलं. हे प्रकरण काढून टाका, असं मीच म्हणाले. त्यांच्या निबंधाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही, तेवढी अक्कल होती. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पाच मिनिटं," म्हणून बाहेर गेले. दार उघडंच राहिलं, त्यामुळे फोनवरचं बोलणं आत सगळ्यांना ऐकू येत होतं.

"हॅलो, लॅबमध्ये कोण आहे? तो कनेक्टर उघडून बघ. हो, टोपण काढून. लाल आहे का?"

पलीकडून कुणीतरी काहीतरी सांगितलं.

"हळदसुद्धा?"

आत येऊन ते कुणाकडे न बघता खुर्चीवर बसले आणि मुकाट्याने माझ्या पीएचडीच्या मंजुरीच्या कागदावर सही केली.