आई म्हणाली म्हणून

विमानतळाच्या दाराशी बाबा माझी बॅग सोडेचनात. "पोचलीस की फोन कर. यापुढे तुझं सगळं ऐकूनच समजायचं," म्हणाले. मला हसू आलं. परदेशी नोकरीचा दोन वर्षांचा तर एम्प्लॉयमेंट पास, त्यात काय एवढं!

तिथं पाया लेबार भागातल्या ऑफिसात पेमा भेटली, धरमशालेत वाढलेली तिबेटी मुलगी. आम्ही हिंदीत बोलायचो. एकदा हॉकर सेंटरला जेवताना ती म्हणाली, त्यांच्या भाषेत "वडील बरे आहेत" एवढ्यावर भागत नाही. स्वतः पाहिलंय की नुसतं ठाऊक आहे, ते क्रियापदाच्या शेवटीच कळतं.

"म्हणजे थापा मारायची सोयच नाही?"

"आहे ना. पण मग डोळ्यांनी पाहिल्याची थाप मारावी लागते."

त्याच पावसाळ्यात बाबांना धाप लागू लागली. मी रजा मांडली. तेवढ्यात पुण्याहून दादाचा फोन, "बाबा एकदम ओके आहेत."

"तू पाहिलंस?"

"अगं, आई म्हणाली."

मग सांगलीला आईच्याच मोबाइलवर फोन लावला. "आई, तू स्वतः पाहतेयस ना?"

"हे काय विचारणं! समोर बसलेत, वरणभात खातायत."

माझा जीव भांड्यात पडला. रजा रद्द केली.

आई तेव्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभी होती, हे मला नंतर कळलं. "पोरीला कळवू नका, नवी नोकरी आहे," असं बाबांनीच बजावलं होतं. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. खूप चिडले, पण आईचा चेहरा बघून तिच्याच कुशीत रडले. दुसरं काय करणार होते?

परतल्यावर पेमाला विचारलं, "वडील गेले, हे तुमच्यात कसं म्हणतात?" तिनं सांगितलं आणि ताटाकडे बघत बसली. न पाहिलेल्यांनी म्हणायचं ते रूप होतं, हे मला विचारावं लागलं नाही. मराठीत मी "बाबा गेले" म्हणते, तेव्हा तू तिथं होतीस का, असं कुणी विचारत नाही. तेवढीच मेहेरबानी.

आता इथं कायम राहायचा परवाना, पीआर आहे, हौगांगला फ्लॅट आहे, "आज्जी ओके लाह!" असं इथल्या ढंगात म्हणणारी लेक आहे. माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुमचं ठाऊक नाही, पण माझं घर आता रविवारच्या फोनात उरलंय.

"आई, कशी आहेस?"

"ठणठणीत!"

"कोण म्हणतं?"

"अगं, मीच म्हणतेय ना!"

"बरं," मी म्हणते.