मेणाच्या वडीतला माणूस

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका रुग्णालयात पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ होते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत यायचा. मी तो वितळलेल्या मेणात बसवायचे आणि मेण गार झालं की पापुद्र्यासारखे काप काढून काचेवर लावायचे. डॉक्टर ते पाहून निदान लिहीत. उरलेली मेणाची वडी नंबर टाकून कपाटात जायची.

एका दुपारी मखमलाबादकडचे एक फुलशेती करणारे गृहस्थ रिपोर्ट न्यायला आले. जठराचा कॅन्सर होता, निम्मं जठर काढलेलं. सर्जन बाहेर गेलेले, म्हणून ते माझ्या खिडकीशी आले.

"ताई, खरं सांगा. किती दिवस हायेत?"

डॉक्टरांना विचारा, एवढंच म्हणायचं असतं. पण मी पंचविशीची, असे रिपोर्ट रोज हाताखालून जायचे, आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं. म्हटलं, "वर्ष धरून चाला, दादा. जे करायचं ते करून घ्या."

त्यांनी रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला आणि गेले. मीही विसरले.

बारा-तेरा वर्षांनी पुण्याहून एक संशोधक बाई आल्या. त्यांना जठराच्या कॅन्सरच्या जुन्या वड्या हव्या होत्या. पेशींमध्ये मायक्रोआरएनए नावाचे फार छोटे रेणू असतात, म्हणाल्या. मेणात मोठे रेणू तुटून जातात, हे मात्र वर्षानुवर्षं टिकतात. कुणाच्या गाठीत कुठले जास्त, कुठले कमी, आणि तो माणूस पुढे किती जगला, याची सांगड त्यांना घालायची होती.

"वडी कपाटात आहे," त्या म्हणाल्या, "पण माणसाचं काय झालं ते घरी गेल्याशिवाय कळणार नाही." संमतीची सहीही हवी होती. जवळपासच्या घरी जायचं काम माझ्याकडे आलं.

बहुतेक घरांत भिंतीवर हार घातलेला फोटो असायचा. मी तारीख लिहून घ्यायचे, समोर आलेला चहा प्यायचे, निघायचे. मखमलाबादला दार त्यांनी स्वतःच उघडलं.

वाळले होते, पण चांगले हिंडते-फिरते. मला त्यांनी ओळखलं नाही. मी कामाचं सांगितलं.

"म्हंजे त्या तुकड्यावरनं आता कळतं, कोण जगणार ते?"

"अजून नाही. शोधतायत."

"तवा पायजे होतं." त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "माझी थोरली दहावीला होती. लय हुशार. दवाखान्यातल्या एका बाईनं सांगितलं, वर्ष हाय. म्हटलं, आपल्या डोळ्यांदेखत लगीन व्हावं. परीक्षेच्या आधीच सटाण्याला दिली. लय रडली, मी ऐकलं नाय. वर्ष सरलं, दुसरं सरलं, मला काय झालंच नाय."

"आता कशी आहे?"

"दोन लेकरं हायेत. बरी हाय म्हणते. माझ्याशी जास्त बोलत नाय."

माझा पेन कागदावर तसाच टेकलेला होता.

"दादा, ती बाई मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.

"तवा तुमी लय बारीक होता," ते म्हणाले. मग कागद ओढून घेतला आणि सही केली. मला ते एवढंच बोलले.

काही महिन्यांनी मी संशोधक बाईंना विचारलं, मखमलाबादच्या त्या वडीत काय निघालं? त्या म्हणाल्या, एकेका माणसाचं यातून अजून काही सांगता येत नाही. सगळ्यांचं मिळून काय दिसतं, तेवढंच. मी पुन्हा विचारलं. त्यांना वाटलं, मला विषयात रस आहे. मला मात्र ऐकायचं होतं की त्या गाठीची लक्षणं वाईटच होती, तो माणूस जगायला नको होता. म्हणजे माझं म्हणणं तितकंसं चुकीचं ठरलं नसतं. आपण हे मनात धरून बसलोय, हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःची भीती वाटली.

पुढे एकदा नात्यातल्या लग्नाला सटाण्याला गेले. बाजार समितीसमोर बायका कांदा निवडत बसल्या होत्या. तिशीतली दिसली की मी थांबत होते, चेहऱ्यात ते मखमलाबादचे गृहस्थ शोधत होते. एकीनं मान वर करून विचारलं, "काय पाहिजे, ताई?"

मी पायाशी घरंगळत आलेला एक कांदा उचलून तिच्या ढिगात ठेवला.