पटले डॉक्टरांनी मिळवून दिलेले चौदा महिने

कामठ्याहून कंपाउंडरच्या कामासाठी आमगावला येऊन मी पहिल्यांदा पटले डॉक्टरांसमोर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "औषध समजलं नाही तं काय करशीन?"

मी ऐटीत म्हणालो, "अंदाज घेईन जी."

"मंग वापस जाय."

दारापर्यंत जाऊन मी वळलो आणि म्हणालो, "तुम्हाले विचारीन." त्या उत्तरावर गेली तीस वर्षं मी त्यांच्या दवाखान्यात आहे.

डॉक्टरसाहेब यंदा पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. त्यांच्या हातगुणाबद्दल या गौरवग्रंथात इतर लिहितीलच. मी माझ्या घरचं लिहितो.

माझी पत्नी पुस्तकला हिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडचा कॅन्सर बहुधा ऑपरेशनने आणि आयोडीनच्या औषधाने आटोक्यात येतो. तिचा हट्टी निघाला, फुप्फुसात पसरला. उपाय संपले असं मी धरूनच चाललो होतो. डॉक्टरसाहेब मात्र दुपारची झोप सोडून इम्युनोथेरपीबद्दल वाचत बसले. शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून गाठीच्या तुकड्याची वेगळी तपासणी त्यांनीच नागपूरला करवून घेतली.

पुस्तकलेने त्यांना सरळच विचारलं, "मी बरी होईन का जी?"

"खोटं नाही सांगत, बाई. बरं होणं कठीण आहे. पण दिवस भेटू शकतात."

"तं तेच द्या," ती म्हणाली.

दर तीन आठवड्यांनी आम्ही रेल्वेने नागपूरला जाऊ लागलो. गाठ आक्रसली, पुस्तकला पोटभर जेवू लागली. आणि तिथेच मी माती खाल्ली. तिला जुलाब लागले, तेव्हा शहाणपणा करून मी कपाटातल्या नेहमीच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी डॉक्टरसाहेबांना कळलं. "काऊन नाही विचारलं माले? या औषधानं आतडे सुजतात." नागपूरला फोन लावून ते स्वतःच्या गाडीतून तिला घेऊन गेले. पुस्तकलेला मात्र म्हणाले, "चूक माझ्या दवाखान्याची आहे, बाई." माझं नाव त्यांनी आजवर घेतलेलं नाही.

पुस्तकलेला चौदा महिने मिळाले. मग औषध चालेनासं झालं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. दवाखाना बंद करताना आज काय काय घडलं ते तिला सांगायचं म्हणून मी अजूनही मनात जुळवत असतो, आणि सायकल घराकडे वळली की आठवतं, ऐकायला ती घरी नाही. तिची फार आठवण येते.

दुपारी रुग्ण कमी झाले की डॉक्टरसाहेब मला समोर बसवतात. "सुई टोचली का कशी भांडे रे तुझी बायको माझ्याशी," म्हणतात आणि हसतात. नवी नवरी असतानाची, ठणठणीत, तोंडाळ पुस्तकला आठवणारं माणूस माझ्याखेरीज आता ते एकटेच उरले आहेत. म्हणून त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो असं मी मागतो, तेव्हा त्यात माझा स्वार्थ असतो. ते आहेत तोवर तिच्याबद्दल बोलायला मला कुणीतरी आहे.